वादळानंतरची वस्ती

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दिवेआगरच्या परिसरातून ते जमिनीवर आले आणि ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग आणि खाडीपलीकडचे मंडणगड, दापोली यांना झोडपून काढले. रमजान ईद होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. टाळेबंदीमुळे मुंबईकर मंडळी गावात परतली होती आणि मशिदींत जमातीने नमाज होत नव्हती. दोन-तीन तासांत पिढ्यान्पिढ्यांच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, मंगलोरी कौले पाचोळ्यासारखी उडाली, विजेचे खांब वाकले. फोन मुके झाले. आखातात अडकलेल्या मुलांना आपले आई-बाप जिवंत आहेत की नाहीत हे कळायला दोन-दोन, तीन-तीन दिवस लागले.

त्यानंतरच्या आठवड्यात एक वाक्य सगळीकडून ऐकू येऊ लागले. कोकणी माणूस चिवट आहे, तो पुन्हा उभा राहील. पाहणी करायला आलेल्यांनी ते म्हटले, छापणाऱ्यांनी छापले. स्तुती कोणाला नको असते? आम्हालाही ती गोड वाटली. पण महिना उलटला, काही गावांत तरीही वीज आली नाही, छपरावर ताडपत्री तशीच फडफडत राहिली, तेव्हा त्या वाक्याचा दुसरा अर्थ ध्यानात येऊ लागला. जो स्वतःच उभा राहतो त्याला हात देण्याची घाई कोणाला नसते.

म्हणून आम्हाला या चिवटपणाचा इतिहास तपासावासा वाटला. समुद्रकाठच्या लहान वस्त्या आपत्तीनंतर पुन्हा कशा वसतात? काही वस्त्या पुन्हा उठतात आणि काही कायमच्या का बसतात? आमच्या मते चिवटपणा रक्तातून येत नाही. तो मागच्या पिढ्यांनी घालून दिलेल्या रिवाजांतून आणि जपलेल्या संस्थांतून येतो. ते रिवाज टिकले तर वस्ती टिकते. ते झिजले तर एखादे मध्यम वादळही पुरेसे असते.

सुरुवात अगदी जवळून, पण हजार वर्षे मागे जाऊन करू. अलिबाग आणि मुरूड यांच्या दरम्यान असलेले चौल आज नारळी-पोफळीत दडलेले शांत गाव आहे. अरब प्रवासी त्याला 'सैमूर' म्हणत. बगदादचा इतिहासकार अल्-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास, येथे आला. शिलाहार राजा झंझ याचा तो काळ. या एका बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे मसूदीने लिहून ठेवले आहे. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, तर कोणी इथेच जन्मलेले. त्यांचे आपसातले व्यवहार आणि तंटे पाहण्यासाठी राजा त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमत असे. त्या पदाला 'हुनरमन' असे नाव होते. मसूदी आला तेव्हा अबू सईद मारूफ बिन झकरिया हे हुनरमन होते. आज आमच्या मोहल्ल्यांतून जमातीचा जो कारभार चालतो, त्याचे मूळ शोधायचे झाले तर आम्हाला या हुनरमनापर्यंत मागे जाता येते.

त्याच शतकातला 'अजायबुल हिंद' हा ग्रंथ बुजुर्ग बिन शहरयार नावाच्या इराणी नाखुद्याच्या नावावर आहे. त्यात समुद्रावरच्या गोष्टी आहेत. काही अद्भुत, काही अगदी हिशेबी. त्यातली एक हिशेबी नोंद हिजरी ३०६ ची आहे. सिराफहून सैमूरला निघालेली तीन मोठी गलबते वादळात सापडून बुडाली. त्यांच्यावर व्यापारी, नाखुदे, खलाशी मिळून बाराशे माणसे होती. ग्रंथकार म्हणतो की या एका आघाताने सिराफ आणि सैमूर या दोन्ही बंदरांना उतरती कळा लागली, कारण त्या गलबतांवर नावाजलेले व्यापारी आणि नाखुदे होते. नोंद बारकाईने वाचली तर दिसते की त्याने मालाचे दुःख केलेले नाही, माणसांचे केले आहे. माल पुन्हा येतो. कोणाचे कोणाकडे किती येणे आहे, कोणता वारा कधी सुटतो, कोणत्या बंदरात कोणाचा शब्द चालतो, हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे एकदम गेली की वस्तीचे डोळेच जातात.

पुढे ९७७ मध्ये सिराफला मोठा भूकंप झाला. सात दिवस जमीन हादरत होती असे भूगोलकार अल्-मुकद्दसी सांगतो. लोक पळून समुद्रावर गेले, नंतर परतून घरे बांधूही लागले. पण सिराफ पूर्वीचे सिराफ झाले नाही. व्यापार हळूहळू कैस बेटाकडे वळला. सिराफमध्ये पिकत काहीच नव्हते. धान्य, लाकूड, फळे सगळे बाहेरून येई. व्यापार होता तोवर वाडे होते. व्यापार सरला तसे वाडे ओस पडले. चौलही पुढे अनेकदा लुटले गेले, जळाले, तरी ते आणखी सहा-सातशे वर्षे बंदर म्हणून नांदले. त्याच्यामागे दख्खनचा घाटमाथा होता, पायाखाली भाताची खाचरे होती, डोक्यावर माड होते आणि चारी बाजूंना शेजारी होते. तडाखा दोघांनाही बसला. एकाला टेकायला जमीन होती, दुसऱ्याला नव्हती.

या शेजाराबद्दल आणखी एक पुरावा आमच्याच किनाऱ्यावर आहे. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे राष्ट्रकूट काळातील ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राष्ट्रकूट सम्राटाने संजाणचा प्रदेश 'मधुमती' नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे सोपवला होता असे त्यात म्हटले आहे. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने काय केले? दोन नद्यांवर लोकांसाठी तरी सुरू केल्या आणि एक अन्नछत्र घातले. तेथे येणाऱ्याला भात, कालवण आणि तूप मिळे. देवीच्या मठिकेला जमीन देण्याच्या कामातही त्याची संमती होती. किनाऱ्यावर राहायचे तर पाण्यापलीकडे नेणारी होडी हवी आणि अडल्या दिवशी सर्वांना मिळणारा भात हवा. अकराशे वर्षांपूर्वीच्या त्या अधिकाऱ्याला हे कळले होते. आजच्या भाषेत आपण त्याला आपत्ती व्यवस्थापन म्हणतो.

समुद्राने आम्हाला शब्दही सामाईक दिले आहेत. कोळ्यांच्या गाण्यांत येणारा नाखवा हा फारसी नाखुदाच आहे. खलाशी, सारंग, तुफान, मौसम हे शब्द हिंदू कोळी, खारवी, भंडारी आणि मुसलमान दालदी एकाच अर्थाने वापरतात. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद ठेवण्याचा रिवाज कोणत्याही एका धर्माचा नाही. तो पोटाचा आणि जिवाचा रिवाज आहे. मृगाआधी होड्या ओढून घ्यायच्या, शाकारून ठेवायच्या, जळण भरायचे, सुकी मासळी, तांदूळ, मीठ, चिंच यांची बेगमी करायची. चार महिने बाहेरची वाट बंद राहणार हे गृहीत धरून घर चालवण्याची ही सवय हीच आमची पहिली तटबंदी. वादळ अचानक येते, पण दर पावसाळ्यात तुटून राहण्याचा सराव असलेले घर गोंधळून जात नाही.

दुसरी तटबंदी म्हणजे जमात. तिची रचना साधी आहे. घरटी वर्गणी, लग्नातला जमातीचा हक्क, मशिदीला वक्फ केलेले माड आणि दुकानगाळे, जकात-फितऱ्याचा बैतुलमाल आणि या सगळ्याचा हिशेब ठेवणारी एक लाल वही. मोठी पातेली जमातीची, सतरंज्या जमातीच्या, मय्यतीची डोली जमातीची. एखाद्याचे घर जळाले, होडी फुटली, कर्ता पुरुष गेला की इशाच्या नमाजनंतर चार माणसे बसत आणि त्याला किती आणि कसे द्यायचे ते ठरे. देणाऱ्याचे नाव पुकारले जाई, घेणाऱ्याचे नाही. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची ती सोय होती.

तिसरा आधार मुंबईचा. एकोणिसाव्या शतकापासून आमचे लोक गोदीत, आगबोटींवर, छापखान्यांत कामाला लागले. डोंगरी, माझगाव, नागपाडा भागांत गावागावांनी खोल्या घेतल्या. एका खोलीत पाळीपाळीने वीस-वीस माणसे निजत. गावात आपत्ती आली की पहिली वर्गणी या खोलीत जमे. गाव बुडाले तरी मिळकत बुडत नसे, कारण मिळकतीचा एक पाय गावाबाहेर होता. सिराफजवळ जे नव्हते ते आमच्याजवळ होते. पायाखाली वाडी, शेजारी कोळीवाडा आणि दूर मुंबईत एक खोली.

या तिन्ही आधारांची कसोटी पाहणारा दिवस १९४७ साली आला. १७ जुलैच्या सकाळी 'रामदास' ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. दुसऱ्या दिवशी अमावास्या, म्हणून गटारीसाठी घरी निघालेले कोळी, आगरी, भंडारी कामगार तिच्यावर होते. रमजानही दोन-तीन दिवसांवर आला होता. काशाच्या खडकाजवळ पावसाळी लाटांत बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बातमी मुंबईत पोहोचायला कित्येक तास गेले. त्या मधल्या वेळात जे वाचले ते पोहून वाचले किंवा रेवसकडून येणाऱ्या मच्छीमार होड्यांमुळे वाचले. कोळ्यांनी होडीतली मासळी टाकून माणसे घेतली, ही हकिगत आजही अलिबाग-उरणकडे सांगितली जाते. पाण्यात हात धरताना कोणी कोणाचे नाव विचारले नाही. त्यानंतर महिन्याभरातच देशाची फाळणी झाली आणि नाव विचारून माणसे मारली जाऊ लागली. त्या साली आमच्या किनाऱ्याने जे दाखवले ते आम्ही मुलांना मोठ्या आवाजात सांगायला हवे होते. फाळणीच्या कल्लोळात ते मागे पडले.

'रामदास'नंतर अनेक घरांना मृतदेह मिळालेच नाहीत. समुद्रकाठच्या माणसाचे हे खास दुःख आहे. डोंगरावरच्या माणसाला कबर असते. आमच्यातल्या किती घरांत आजोबा फक्त एका तारखेपुरते उरले आहेत! पण याही दुःखाला रिवाज होता. कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे. अरबी किनाऱ्याशी असलेल्या जुन्या नात्याची ही खूण. समोर मय्यत नसताना दूरच्या मृतासाठी जनाजाची नमाज पढण्याची मुभा शाफई मसलकात आहे, हनफी मसलकात नाही. हबशदेशचा राजा नज्जाशी वारला तेव्हा पैगंबरांनी मदिनेत त्याच्यासाठी नमाज अदा केली होती, हा त्याचा आधार. शिवाय बुडून मेलेला आणि ढिगाऱ्याखाली दबून मेलेला यांना शहीदाचा दर्जा आहे, असे हदीस सांगते. फिकहचा हा बारकावा पुस्तकात कोरडा वाटतो. पण ज्या बाईचा नवरा दर्यातून परत आला नाही, तिच्यासाठी तो कोरडा नसतो. गावाने एकत्र उभे राहून, मय्यत नसतानाही, तिच्या माणसाला निरोप दिलेला असतो. शोकाला एक दिवस ठरतो आणि दुसऱ्या दिवसापासून तिला चूल पेटवता येते.

सरकारी कागद मात्र नमाजेने बनत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. पावसाळा संपून मासेमारी जोरात सुरू होती. बऱ्याच होड्या खोल समुद्रात होत्या आणि इशारा सगळ्यांपर्यंत वेळेवर पोहोचला नाही. कित्येक खलाशी बेपत्ता झाले. बेपत्ता या शब्दाची कायद्यातली लांबी किती आहे, हे तेव्हा अनेक घरांना कळले. सात वर्षे माणसाची खबर मिळाली नाही तरच तो मेला असे मानावे, असा पुराव्याच्या कायद्याचा नियम. आता १ जुलै २०२४ पासून नवा पुरावा कायदा लागू झाला, पण ही सात वर्षे तशीच आहेत. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्याप्रमाणे चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर न्यायालयातून विवाह संपवून घेता येतो. म्हणजे पुन्हा संसार मांडायला चार वर्षे आणि वारस म्हणून पैसे मागायला सात. मधल्या काळात ती ना विधवा, ना सुवासिन. आपत्तीत अपवाद करता येतो, सरकारने तो काही वेळा केलाही आहे. पण अपवादासाठीही माणूस त्या दिवशी त्याच होडीवर होता याचा लेखी पुरावा लागतो. तांडेलाच्या तोंडी हिशेबावर चालणाऱ्या होडीत असा पुरावा कुठून येणार?

इथे आम्ही वहीच्या मुद्द्यावर येतो. जमातीच्या वहीत वर्गणी आहे, पातेल्यांची संख्या आहे, पण बुडालेल्यांची नावे आहेत का? कोणत्या साली पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढले होते, कोणती विहीर खारी झाली, कोणाच्या ओटीवर गावाने आसरा घेतला, याची नोंद आहे का? आम्ही जेथे जेथे विचारले तेथे तेथे उत्तर मिळाले ते एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडून. तो असेपर्यंत इतिहास आहे. सैमूरच्या गलबतांबरोबर जे बुडाले ते हेच होते.

पुन्हा २०२० कडे येऊ. निसर्ग वादळात माणसे फार थोडी दगावली. फयानच्या वेळी जे झाले नाही ते या वेळी झाले. इशारा आधी आला, होड्या आधीच किनाऱ्याला लागल्या, खाडीलगतची घरे वेळेत रिकामी केली गेली. याचे श्रेय हवामान खात्याला आणि प्रशासनाला मनापासून द्यायला हवे. जीव वाचले. प्रश्न राहिला तो जगण्याचा.

श्रीवर्धनची 'रोठा' सुपारी नावाजलेली. सुपारीचे झाड लावल्यापासून नीट उत्पन्न द्यायला सहा-आठ वर्षे घेते. नारळाचेही तसेच. सरकारने आधी फळबागांसाठी हेक्टरी पन्नास हजार रुपये भरपाई ठरवली. आमच्या वाड्या हेक्टरात मोजायच्या नाहीत, गुंठ्यात मोजायच्या. दहा गुंठ्यांच्या वाडीला या हिशेबाने पाच हजार रुपये येतात. एवढ्यात पडलेली झाडे कापून बाहेर काढण्याची मजुरीही सुटत नाही. ओरड झाल्यावर झाडामागे भरपाई ठरली. नारळाला अडीचशे रुपये आणि सुपारीला पन्नास. आजोबांनी लावलेले, नातवाच्या शिक्षणाची फी भरणारे झाड पन्नास रुपयांचे! तरीही झाडांचा मोजमाप झाला, ही पायरी महत्त्वाची होती. ती मिळाली, कारण गावांनी एकत्र येऊन कागदावर मागणी केली.

पण पंचनाम्याच्या रांगेत दुसरीच अडचण उभी राहिली. सातबाऱ्यावर नाव कोणाचे? पणजोबांचे. वारसांपैकी दोघे कुवेतला, एक मुंबईला, एकाचे कुटुंब पाकिस्तानात गेलेले. वाडी शिंपते कोण? गावात राहिलेली विधवा सून किंवा वर्षानुवर्षे अर्धेलीने वाडी करणारा शेजारी. वादळाने ज्याची कंबर मोडली त्याचे नाव कागदावर नाही आणि ज्याचे नाव आहे तो कबरस्तानात आहे. याला केवळ तलाठी जबाबदार नाही. वारसनोंदी न करणे, बहिणींचा हिस्सा कागदावर येऊ न देणे, हे दोष आमचेच. शरीयतने बहिणीला दिलेला हिस्सा आम्ही भाषणात मिरवतो आणि फेरफारात विसरतो. वादळ आल्यावर तोच विसर आमच्या अंगावर उलटतो.

त्या दिवसांत आधार कोणाचा झाला? मोहल्ल्यातल्या पोरांनी कोयते-करवती घेऊन रस्ते मोकळे केले. ज्या मशिदीत जमातीने नमाज बंद होती, तिचे आवार मात्र उघडे होते. जनरेटरवर पाणी चढत होते आणि त्याच वायरीला चाळीस-चाळीस फोन लटकत होते. जमातीची मोठी पातेली बाहेर आली. बौद्धवाडी, कोळीवाडा, मोहल्ला यांच्यासाठी एकत्र खिचडी शिजली. टाळेबंदीत गावात अडकलेले मुंबईकर, ज्यांना आधी काही जण तोंडावर रुमाल धरून टाळत होते, तेच छपरांवर चढले. चिंचणीच्या ताम्रपटातले अन्नछत्र आम्ही डोळ्यांनी पाहिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र पूर्ण खरे सांगायचे तर सगळीकडे असे झाले नाही. काही गावांत मदत आपापल्या जमातीपुरती वाटली गेली. एकाच गावात दोन मशिदी, दोन कमिट्या, दोन याद्या. बाहेरून आलेल्या ट्रकवर कोणाचा फलक लावायचा यावरून वाद झाले. पत्रे रस्त्याकडेच्या घरांना मिळाले आणि आत खाडीच्या टोकाला राहणाऱ्या कातकरी कुटुंबांपर्यंत काहीच पोहोचले नाही. जमातीच्या बैठकीत बायका नव्हत्या. म्हणून यादीत तांदूळ, तेल, ताडपत्री होते. बाळंतिणीला, मुलींना, अंथरुणाला खिळलेल्या सासूला काय लागते ते नव्हते. घरटी गरज ज्यांना ठाऊक असते त्यांनाच विचारले गेले नाही.

तिन्ही तटबंद्यांची आजची अवस्था काय आहे, हेही पाहिले पाहिजे. बेगमीची सवय गेली. आठवड्याचा किराणा गाडीने दारात येतो. विहिरींवर जाळ्या बसल्या आणि रहाट मोडीत निघाले. वीज गेली की पंप बंद आणि पंप बंद की पाणी बंद. मुंबईच्या खोल्या विकल्या गेल्या किंवा टोलेजंग इमारतींखाली गेल्या. सत्तरच्या दशकानंतर आखाताचा पैसा आला. त्याने कौलारू घरांवर स्लॅब चढवले. निसर्ग वादळात ते स्लॅब टिकले आणि शेजारच्या कौलारू घरांतली माणसे त्यांच्याखाली आली, हेही खरे. पण हा पैसा घरात आला, वहीत आला नाही. पूर्वी खोलीतली वीस माणसे मिळून वर्गणी काढत. आता प्रत्येक जण आपापल्या घरी परस्पर पाठवतो. ज्याच्या घरातले कोणी परदेशात नाही, तो वादळानंतर एकटा पडतो. शिवाय २०२० ने दाखवले की विमाने बंद पडली, नोकऱ्या गेल्या, तर दूरचा आधारही एका रात्रीत कोसळतो. सगळे वजन एकाच व्यापारावर टाकलेल्या सिराफची आठवण आम्हाला म्हणूनच होते. मोठमोठे बंगले उभे आहेत, वाड्या ओसाड आहेत आणि गावात राहिली आहेत म्हातारी माणसे.

त्यातच समुद्राचा स्वभाव बदलतो आहे. निसर्गला वर्ष पुरे व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, ईदनंतर दोन-तीन दिवसांत 'तौक्ते' आमच्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. नव्याने लावलेली रोपे पुन्हा आडवी झाली. दोनच महिन्यांनी, २२ जुलैला, चिपळूण पाण्याखाली गेले आणि महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गाडले गेले. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यात तीव्र वादळे वाढत आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. पूर्वी आजोबाला आयुष्यात एकदा दिसणारे वादळ नातवाला शाळा संपायच्या आत तीनदा दिसते. दोन वादळांच्या मध्ये सावरायला जो अवधी मिळत असे, त्यावर आमचा सगळा चिवटपणा उभा होता. तो अवधीच आटत चालला आहे.

मग करायचे काय? मोठ्या योजना सरकारने कराव्यात. जमिनीखालून वीजवाहिन्या, पक्के निवारे, झाडाच्या खऱ्या उत्पन्नावर बेतलेली भरपाई, यासाठी भांडत राहिले पाहिजे. चिवट असल्याचे प्रशस्तिपत्र घेऊन आम्ही हा हक्क सोडता कामा नये. पण काही गोष्टी मोहल्ल्याच्या हातातल्या आहेत. त्यांना पैसाही फारसा लागत नाही.

जमातीच्या वहीला आणखी काही पाने जोडावीत. एका पानावर गावातल्या बुडालेल्या, बेपत्ता झालेल्या सर्व माणसांची नावे आणि तारखा लिहाव्यात. ती जातधर्म न पाहता लिहावीत, कारण दर्याने तो पाहिला नाही. दुसऱ्या पानावर पाण्याच्या खुणा, गोड्या विहिरी आणि उंचावरची घरे. तिसऱ्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, आजाऱ्यांची, गरोदर बायकांची यादी. ती बायकांनी करावी आणि दर पावसाळ्याआधी तपासावी. होडी निघताना तिच्यावरची नावे किनाऱ्यावर लिहून ठेवण्याचा रिवाज पाडावा. आखातातून येणाऱ्या पैशातला थोडा वाटा पुन्हा एकत्र वहीत यावा आणि त्यातून एक रहाट, एक करवत, एक जनरेटर, शंभर ताडपत्र्या तयार असाव्यात. आणि वारसनोंदी कराव्यात, बहिणींच्या नावासकट.

सैमूरच्या त्या हुनरमनाचे दप्तर आज कोठेही नाही. परदेशी प्रवासी आला, त्याने चार ओळी लिहिल्या, म्हणून आम्हाला कळले की या किनाऱ्यावर दहा हजार माणसे होती आणि त्यांचा कारभार पाहणारा एक जबाबदार माणूस होता. आमच्या गावांबद्दल त्या चार ओळी लिहायला आता बाहेरून कोणी मसूदी येणार नाही. येत्या मृगाआधी, होड्या ओढून झाल्या की, इशानंतर अर्धा तास बसून हे काम सुरू करता येईल.